राजवाड्याबाहेरचे तंजावर

दक्षिणेच्या यात्रेला निघालेला मराठी माणूस तंजावरला पोहोचला की त्याचा ऊर भरून येतो. बृहदीश्वराच्या भव्य मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत भिंतीवर कोरलेला त्याला दिसतो. १८०३ साली दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या कारकिर्दीत कोरलेला हा लेख देशातील सर्वांत विस्तृत शिलालेखांपैकी एक समजला जातो. तेथून तो राजवाड्यात जातो, दरबार पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांसमोर क्षणभर थबकतो आणि शिवछत्रपतींच्या सावत्र बंधूंनी, व्यंकोजीराजांनी, इतक्या दूरवर येऊन उभारलेल्या राज्याचा अभिमान मनात घेऊन परततो. हा अभिमान साहजिक आहे आणि तो अनाठायीही नाही. तथापि त्या दीर्घ शिलालेखात राजे आहेत, राण्या आहेत, युद्धे आहेत, दानधर्म आहे. ज्यांच्या श्रमावर हे सारे उभे होते ती माणसे मात्र त्यात नाहीत. ती शहराबाहेर, कावेरीच्या पाण्याने भरलेल्या खाचरांत कमरेत वाकून उभी होती. राजवाड्याबाहेरच्या त्या तंजावरचा इतिहास मराठी वाचकाला फारसा परिचित नाही.

कावेरी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी पसरते. त्या फाट्यांमधला सारा मुलूख म्हणजे जुना तंजावर जिल्हा. आजचे नागपट्टिणम, तिरुवारूर, मयिलादुतुरै हे जिल्हे पुढे त्यातूनच निघाले. कल्लणै हे चोळकाळात बांधलेले धरण आणि त्यातून निघालेले कालवे यांमुळे या मुलखाला दक्षिणेचे धान्यकोठार म्हटले जाते. कुरुवै, सांबा, ताळडी अशी भाताच्या पिकांची नावे तेथे ऋतूंच्या नावांसारखी बोलली जातात. शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाढतात तोही भात, अशी आपली मराठी रीत. तमिळमध्ये मात्र या एका प्रवासाला तीन शब्द लागतात: शेतातले ते नेल, कांडून निघालेले ते अरिसि आणि शिजलेले ते सोरु. तंजावरच्या मजुराला मजुरी मिळे ती नेलाच्या मापाने. त्या नेलाचे सोरु त्याच्या घरी दोन्ही वेळा होईलच, याची खात्री कोणी देत नसे. या मुलखात सामान्य माणसाने जेव्हा जेव्हा अन्यायाला विरोध केला, तेव्हा त्या विरोधाच्या मुळाशी हा दाणा आहे. कधी तो पिकवण्यास नकार देऊन, कधी तो मनाई मोडून दुसऱ्याच्या मुखी घालून, तर कधी त्याचे अर्धे माप अधिक मागून लोकांनी आपले म्हणणे मांडले.

पहिला प्रसंग मराठा राजवटीतलाच आहे आणि तो आपल्याला सुखावणारा नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे राज्य चहूबाजूंनी ओरबाडले जात होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रज कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले. १७७६ मध्ये कंपनीनेच ते तुळजाजी महाराजांना परत दिले, पण त्या परतीची किंमत वसूल केल्यावाचून कंपनी थोडीच राहणार होती? त्यातच १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उद्ध्वस्त केला. रिकाम्या खजिन्याचा भार अखेरीस ज्याच्यावर पडायचा त्याच्यावरच पडला. राज्याचा कारभारी आणि मद्रासहून आलेले दुभाषे यांनी वसुलीसाठी रयतेचा असा छळ मांडला, की लोकांनी शस्त्र उचलले नाही, अर्जविनंत्याही केल्या नाहीत. ते घरदार सोडून निघून गेले. जून महिना उजाडला, कालव्यांना पाणी येण्याची वेळ झाली आणि शेतांवर माणूस नाही. दुष्काळाच्या भीतीने दरबार हादरला.

आपल्या जुन्या कागदपत्रांत यासाठी नेमका शब्द आहे: रयत परागंदा झाली. गाव ओस पडले की कमाविसदाराचे धाबे दणाणत असे, कारण सारा जमिनीवर आकारला तरी तो देतो माणूस. मग सरकारातून कौल दिला जाई, म्हणजे पुन्हा येऊन नांगर धरा, जुलूम होणार नाही, असे अभयवचन. तुळजाजींनीही तसेच वचन धाडले. पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. राजाने दिलेल्या कौलाची पत अशी संपावी, याहून अधिक कठोर अभिप्राय रयतेने राज्यकर्त्यावर दुसरा कोणता द्यावा?

अखेर राजाला एका परक्या माणसाची मदत घ्यावी लागली. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन धर्मोपदेशक तंजावरात राहत असे. त्याला तमिळ येत होते, मराठी येत होते आणि मुख्य म्हणजे तो कोणाचा पैसा खात नाही, अशी त्याची ख्याती होती. जुलूम थांबवा, असे त्याने आधीच राजाला बजावले होते. आता राजाच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच्या शब्दावर लोकांना परत बोलावले. प्रथम कळ्ळर समाजाचे लोक आले. एका दिवसात सात हजार माणसे परतली, असे श्वार्ट्झने पुढे आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. मग बाकीचेही आले. पेरणीचा हंगाम सरत चालला आहे, नेटाने कामाला लागा, असे त्याने म्हटले तेव्हा आम्ही रात्रंदिवस राबू, तुम्हाला पस्तावा होऊ देणार नाही, असा त्यांचा जबाब होता. याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली पुढे बालवयीन सरफोजी वाढले. त्यांनी आपल्या या गुरूचे संगमरवरी स्मारक इंग्लंडमध्ये घडवून घेतले आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. त्या स्मारकापाशी उभे राहणाऱ्याने त्या सात हजारांचीही आठवण ठेवावी. त्यांनी रक्ताचा थेंब न सांडता एक राजवट गुडघ्यावर आणली होती.

तरीही या प्रसंगात एक गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. निघून जाण्याचे हत्यार त्यालाच वापरता येते, ज्याला निघून जाण्याची मुभा असते. तंजावरच्या शेतीत सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या पळ्ळर आणि परैयर जातींच्या मजुरांना ती नव्हती. जमीन विकली की तिच्याबरोबर तेही विकले जात. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली, पण गावात फारसे काही बदलले नाही. साखळीच्या जागी कर्ज आले. लग्नासाठी मालकाकडून घेतलेली उचल बापाकडून फिटत नसे, ती मुलाच्या डोक्यावर येई. अशा मजुराला तेथे पण्णैयाळ म्हणत. पण्णै म्हणजे मोठ्या मालकाची शेती आणि आळ म्हणजे माणूस. त्या मालकाचे नाव मराठी वाचकाला परके नाही. तो मिरासदार. आपल्याकडे मिरासदार म्हणजे वतनी हक्काने जमीन कसणारा प्रतिष्ठित कुणबी. तंजावरात मात्र अनेक मिरासदार असे होते, की त्यांच्या पायाला चिखल लागत नसे.

दुसरा प्रसंग विसाव्या शतकातला. दांडीयात्रा प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु तिच्या पाठोपाठ दक्षिणेत निघालेली वेदारण्यमची यात्रा आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. १३ एप्रिल १९३० रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चक्रवर्ती राजगोपालाचारी सुमारे शंभर सत्याग्रहींसह तिरुचिरापल्लीहून पायी निघाले. तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी या मार्गाने सुमारे दीडशे मैल चालून समुद्रकाठच्या वेदारण्यमला पोहोचायचे आणि तेथे मीठ उचलायचे, असा बेत होता. नामक्कल रामलिंगम पिळ्ळै यांनी या यात्रेसाठी रचलेले गीत गात हे पथक चालत असे.

तंजावरचे कलेक्टर जे. ए. थॉर्न हे हुशार अधिकारी होते. सत्याग्रहींना वाटेतच पकडले तर ते वीर ठरतील, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी वेगळा उपाय योजला. सत्याग्रहींना अन्न किंवा आसरा देणाऱ्यास भारतीय दंडसंहितेच्या १५७ व्या कलमाखाली सहा महिने कैद आणि दंड होऊ शकेल, असे त्यांनी पत्रके वाटून, दवंडी पिटवून गावोगाव जाहीर केले. शंभर माणसे आपल्या पायांनी चालत येतील आणि भुकेने आपल्याच पायांनी परत जातील, हा हिशेब होता.

कागदावर तो हिशेब बिनचूक होता. मात्र तो ज्या मुलखात मांडला गेला, त्या मुलखाची रीत थॉर्नसाहेबांना पुरती उमगली नव्हती. तंजावरमधून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर मराठा राजांनी आणि राण्यांनी जागोजागी अन्नछत्रे बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबेच्या नावाचे छत्र १८०२ मधले. ही छत्रे इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले होते. या छत्रांत कोणत्याही जातीच्या वाटसरूला जेवण मिळते, आजारी पडला तर त्याला औषध मिळते, हे त्यांनी त्यात सविस्तर सांगितले. आपल्या राज्याची सर्वांत मोठी अब्रू म्हणजे ही छत्रे, असा त्या पत्राचा सूर आहे. राज्य गेले, १८५५ मध्ये वारस नसल्याचे निमित्त करून इंग्रजांनी तंजावर खालसा केले, पण वाटसरूला जेवू घालण्याची सवय खालसा करता आली नाही.

त्यामुळे १९३० च्या एप्रिलमध्ये जे घडले ते असे. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांना भाताची पुडकी बांधलेली आढळत. नदीच्या वाळूत अन्नाची भांडी पुरून ठेवलेली असत आणि ती कोठे आहेत याची खूण सत्याग्रहींना मिळे. कोणी दिले, कोणी शिजवले, कोणी बांधले, याला साक्षीदार नाही. कलम १५७ झाडाला लावायचे तरी कसे? जेथे लोक उघड पुढे आले तेथे त्यांनी शिक्षाही पत्करली. कुंभकोणमला पंतुलु अय्यर यांनी पथकाला आपल्याकडे उतरवून घेतले, त्यांच्यावर खटला होऊन त्यांना तुरुंगात जावे लागले. जिल्ह्यात सरकारविषयीची निष्ठा संपुष्टात आली आहे, अशा आशयाचा अहवाल स्वतः थॉर्न यांनाच वर पाठवावा लागला.

२८ एप्रिलला पथक वेदारण्यमला पोहोचले. ३० एप्रिलला राजाजींनी मीठ उचलले आणि त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. तेथील स्थानिक पुढारी वेदरत्नम पिळ्ळै यांनी पथकाची सारी व्यवस्था केली होती. त्यांना तुरुंगवास झाला आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. याच वेदरत्नम यांनी पुढे १९४६ मध्ये वेदारण्यमला मुलींसाठी कस्तुरबा गांधी कन्या गुरुकुलम स्थापन केले. सत्याग्रहाच्या गावात मागे काय उरले, या प्रश्नाला ती शाळा हे एक उत्तर आहे. आणखी एक नाव येथे सांगितलेच पाहिजे. वैरप्पन या न्हाव्याने पोलिसाची हजामत करण्यास नकार दिला आणि त्याबद्दल सहा महिने तुरुंग भोगला. पुढाऱ्यांच्या चरित्रात अशा माणसाला एक ओळ मिळते. पण त्याचा वस्तरा हेच त्याचे पोट होते आणि त्याने तेच पणाला लावले होते.

हा प्रसंग वाचून मन प्रसन्न होते, आणि व्हावेही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. झाडाला भात बांधणारे हात कोणाचे होते? काही गरिबांचे होते, पण रांजणभर भात वाळूत पुरून ठेवण्याची ऐपत असलेली घरे बहुतेक जमीनवाल्यांचीच असणार. ज्या घरांनी सत्याग्रहींना चोरून जेवू घातले त्या घरांच्या शेतावर पण्णैयाळ राबत होते. सत्याग्रही वाटेत अस्पृश्यतानिवारणाचा प्रचार करीत होते हे खरे. पण यात्रा पुढे गेली आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत, ज्याला तिकडे चेरी म्हणतात, तेथे मालकाचा चाबूक पूर्वीसारखाच चालू राहिला. परकीय सत्तेपुढे ताठ उभा राहणारा माणूस आपल्या अंगणातल्या मजुरापुढे कसा वागतो, हा प्रश्न केवळ तंजावरचा नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातही तो पावलोपावली भेटतो.

पण्णैयाळांचा जो छळ होत असे त्याचे दोन प्रकार त्या मुलखात आजही लोकांच्या तोंडी आहेत: चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी. कामावर उशीर झाला, शब्दाला शब्द दिला, तर मजुराला बांधून चाबकाने मारत आणि शेणाचे पाणी बळजबरीने पाजत. पहिली शिक्षा शरीराला होती, दुसरी माणूसपणाला. १९४३ पासून किसान सभेने या वस्त्यांत काम सुरू केले. कर्नाटकातून आलेले बी. श्रीनिवास राव तमिळ शिकले, चेरीत राहिले, तेथेच जेवले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लोकांना संघटित करू लागले. १९४४ मध्ये मन्नारगुडीला मालक आणि मजूर यांच्यात करार झाला. चाबूक बंद, शेणाचे पाणी बंद आणि मजुरी मोजताना खोटे माप वापरायचे नाही, ही त्यातली मुख्य कलमे. आपल्याकडे मापात पाप म्हणतात. तेथे ते पाप करारात लिहून थांबवावे लागले. शेणाचे पाणी पाजू नये यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यावर लेखी करार करावा लागतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, याच किसान सभेच्या झेंड्याखाली ठाणे जिल्ह्यातल्या तलासरी-डहाणू भागात वारली आदिवासींनी वेठबिगार आणि लग्नगडी यांविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या वाचकाला तंजावरची ही कहाणी अनोळखी वाटणार नाही. कर्ज लग्नाचे आणि गुलामी जन्माची, हा क्रम दोन्हीकडे एकच होता.

स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९५२ मध्ये तंजावरच्या कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा वटहुकूम निघाला आणि लगोलग त्याचा कायदा झाला. तो काढणारे मुख्यमंत्री होते राजाजी, वेदारण्यमच्या वाटेवर बावीस वर्षांपूर्वी चाललेले तेच. कम्युनिस्टांचे ते उघड वैरी. तथापि कम्युनिस्टांनी ज्यांना जागे केले त्यांच्यासाठी कायदा करणे त्यांना भाग पडले. कुळाला पिकाचा किमान दोनपंचमांश वाटा आणि पण्णैयाळाला ठरलेली मजुरी, मनमानीने काढून टाकण्यास मनाई, अशा त्याच्या तरतुदी होत्या. एका गावात एक वेली, म्हणजे सुमारे पावणेसात एकर, याहून अधिक जमीन असणाऱ्यालाच तो लागू होता. जमीन नातलगांच्या नावे वाटली की कायदा चुकवता येई. कायमचा पण्णैयाळ ठेवण्याऐवजी रोजंदारीवर माणसे लावली तरीही तो चुकवता येई. मालकांनी दोन्ही वाटा वापरल्या. पण्णैयाळाची बेडी तुटली हे खरे, परंतु उद्या काम मिळेल की नाही ही चिंता त्याच्यामागे नव्याने लागली.

१९६० नंतर तंजावरचा समावेश देशातल्या पहिल्या सात सघन शेती जिल्ह्यांत झाला. खते आली, पंप आले, कमी दिवसांत येणारी भाताची वाणे आली. पीक वाढले, मालकाचा नफा वाढला. मजुरांनी वाढीचा वाटा मागितला. पूर्व तंजावरच्या मालकांनी आपला भात उत्पादक संघ उभारला. मजुरांच्या वस्तीवर लाल बावटा, तर संघाचे म्हणणे असे की हा बावटा उतरवा आणि आमच्या संघात या. कापणीला बाहेरगावचे मजूर आणले जाऊ लागले. नागपट्टिणमजवळच्या कीळवेणमणी या छोट्या गावातल्या दलित मजुरांनी बावटा उतरवण्यास नकार दिला. मागणी होती कापणीच्या मजुरीत अर्धे माप भात वाढवून देण्याची.

२५ डिसेंबर १९६८. नाताळचा दिवस. संध्याकाळी झालेल्या चकमकीत मालकांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला. रात्री मालकांचा जमाव बंदुका घेऊन वस्तीवर चालून आला. गोळ्या सुटल्या, धडधाकट पुरुष अंधारात शेतांकडे पळाले. म्हातारी माणसे, बायका आणि मुले यांना पळता आले नाही. ती वस्तीतल्या रामय्या नावाच्या मजुराच्या झोपडीत शिरली. एवढीशी ती झोपडी. बाहेरून दार बंद करून ती पेटवण्यात आली. ४४ जण जळून मेले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती.

या घटनेचे वर्णन यापेक्षा वाढवण्याचे कारण नाही. तिच्यानंतर जे झाले ते मात्र सांगितले पाहिजे. त्या वेळी सी. एन. अण्णादुरै मुख्यमंत्री होते आणि स्वतः मृत्युशय्येवर होते. त्यांच्या सरकारने मजुरीच्या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १९६९ मध्ये शेतमजुरांच्या वाजवी मजुरीचा कायदा झाला. अर्धे माप मागणाऱ्यांचे म्हणणे कायद्याला मान्य झाले ते ४४ चिता विझल्यावर. खटला नागपट्टिणमच्या सत्र न्यायालयात चालला. १९७० मध्ये भात उत्पादक संघाचे प्रमुख गोपालकृष्ण नायडू यांच्यासह काही मालकांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मारल्या गेलेल्या त्या एका माणसाच्या खटल्यात मजुरांनाही शिक्षा झाल्या. मग प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि १९७३ मध्ये सर्व मालक निर्दोष सुटले. निकालातला एक विचार आजही अस्वस्थ करतो. आरोपी तेवीस आणि सारेच मिरासदार, त्यांतले बहुतेक श्रीमंत, विस्तीर्ण जमिनींचे धनी. खुद्द नायडूंकडे मोटार. अशी माणसे नोकरांना न पाठवता स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील, हे न्यायालयाला पटण्याजोगे वाटले नाही.

पुरावा अपुरा असेल तर आरोपीला सोडणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्याविषयी वाद नाही. पण श्रीमंती हाच निर्दोषत्वाचा पुरावा ठरावा, हे न्यायाच्या कोणत्या तत्त्वात बसते? गरीब माणसाबाबत उलटा तर्क किती सहज केला जातो, हे कोणत्याही पोलीस ठाण्यात पाहता येते. ४४ माणसे जळाली होती हे निर्विवाद होते, आणि ती कोणीच जाळली नव्हती, असे कागदोपत्री झाले. १९८० मध्ये नायडूंचा खून झाला. जे काम कायद्याने करायचे ते सूडाने केले, की त्यातून कोणाचेच समाधान होत नाही. याच घटनेवर इंदिरा पार्थसारथी यांनी लिहिलेल्या ‘कुरुदिप्पुनल’ या तमिळ कादंबरीला १९७७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कीळवेणमणीची बातमी ऐकून त्या मुलखात येऊन राहिलेल्यांत एक जोडपे होते: शंकरलिंगम जगन्नाथन आणि कृष्णम्माळ. कृष्णम्माळ यांचा जन्म १९२६ चा, गरीब दलित कुटुंबातला. त्या शिकल्या, पदवीधर झाल्या, गांधीजींच्या कामात आल्या आणि विनोबांच्या भूदान चळवळीत गावोगाव चालल्या. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा एक कोकणी माणूस जमीन मागत देशभर चालला आणि त्याच्यामागून चाललेली एक तमिळ स्त्री ती मागणी घेऊन कावेरीच्या खोऱ्यात आली. दान मागून जमीन मिळत नाही, हे तिला तंजावरात लवकरच कळले. तेव्हा तिने वेगळी वाट काढली. मालकांशी बोलणी करायची, रास्त भाव ठरवायचा, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना यांच्या आधारे जमीन विकत घ्यायची आणि ती भूमिहीनांना द्यायची. जेथे बोलणी फसत तेथे सत्याग्रह, उपोषण, प्रसंगी तुरुंग. १९८१ मध्ये या दांपत्याने त्यासाठी लाफ्टी ही संस्था स्थापन केली. कसणाऱ्याच्या मुक्तीसाठी जमीन, असा तिच्या नावाचा अर्थ आहे. पुढच्या काही दशकांत हजारो एकर जमीन अशा रीतीने हस्तांतरित झाली. २००८ मध्ये दोघांना राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये कृष्णम्माळ यांना पद्मभूषण.

या कामातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. जमीन कुटुंबाला साधारण एकरभर मिळे आणि तिचा कागद घरातल्या बाईच्या नावाने होई. सातबाऱ्यावर आईचे किंवा पत्नीचे नाव चढवण्यासाठी आपल्याकडे किती खेटे घालावे लागतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगावे लागणार नाही. पुरुष दारूच्या किंवा कर्जाच्या पायी जमीन गहाण टाकील, बाई टाकणार नाही, असा त्यामागचा साधा अनुभव होता. दुसरी गोष्ट घरांची. माती आणि झावळ्यांच्या झोपड्या दर पावसाळ्यात गळत आणि ठिणगी पडली की क्षणात पेटत. कृष्णम्माळ यांनी गावकऱ्यांनाच विटा पाडायला लावल्या आणि पक्की घरे बांधण्याचे काम हाती घेतले. वयाची ऐंशी उलटल्यावरही त्या घरांसाठी पैसे जमवत हिंडत होत्या.

कीळवेणमणीला आज स्मारक आहे. दरवर्षी २५ डिसेंबरला तेथे दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. सांबा भाताचे पीक तेव्हा आजूबाजूच्या शेतांत उभे असते.